पुण्याच्या गच्चीवरून ४०, ८० आणि १६० मीटर : अँटेनाची निवड आणि उभारणी

हौशी रेडिओमध्ये लो बँड म्हणून ओळखले जाणारे पट्टे तीन : १६०, ८० आणि ४० मीटर. या पट्ट्यांवर काम सुरू करू इच्छिणारा नवा परवानाधारक पहिला प्रश्न बहुधा तारेच्या लांबीचा विचारतो. लांबीचे उत्तर एका ओळीत देता येते आणि ते पुढे दिलेही आहे. परंतु कोथरूडमधील एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर अनेक वर्षे तारा बांधल्यानंतर आणि सोडल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, लांबीपेक्षा दोन गोष्टी अधिक निर्णायक असतात. तार तरंगलांबीच्या मानाने किती उंचीवर आहे ही पहिली, आणि अँटेनात जाणारा प्रवाह कोणत्या वाटेने परत येतो ही दुसरी. या दोन गोष्टींचा विचार आधी केला तर शहरातील अपुऱ्या जागेतही समाधानकारक काम करणारी अँटेना उभी राहते. तो केला नाही तर महागडा ट्रान्सीव्हरही (प्रसारण आणि ग्रहण दोन्ही करणारा संच) फारसा उपयोगी पडत नाही.

लांबीचा हिशेब असा आहे. तरंगलांबी मीटरमध्ये हवी असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागावे. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलसाठी, म्हणजे मध्यावर केबल जोडलेल्या दोन समान भुजांच्या अँटेनासाठी, तारेच्या टोकांचा परिणाम लक्षात घेऊन, १४३ ला भागावे. त्यानुसार ७.१ मेगाहर्ट्झसाठी २०.१ मीटर, ३.६ मेगाहर्ट्झसाठी ३९.७ मीटर आणि १.८४ मेगाहर्ट्झसाठी ७७.७ मीटर तार लागते. पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनासाठी यांच्या निम्मी, म्हणजे अनुक्रमे सुमारे १०, २० आणि ३९ मीटर. घरातील वायरिंगसाठी मिळणारी पीव्हीसी आवरणाची तार वापरल्यास आवरणामुळे अंतिम लांबी आणखी तीन ते पाच टक्क्यांनी कमी भरते. तरीही सुरुवातीला तार हिशेबापेक्षा थोडी लांबच कापावी, कारण जास्त तार दुमडून घेता येते, तुटपुंजी तार मात्र जोडावी लागते. आपल्या परवान्यात प्रत्येक बँडच्या सीमा आणि कमाल शक्ती नमूद असते. तार कापण्यापूर्वी ती पाहून बँडचा कोणता भाग वापरायचा आहे हे ठरवावे. ८० मीटरच्या बाबतीत तर हे अगत्याचेच आहे, कारण साधा डायपोल तेथे संपूर्ण बँड कमी एसडब्ल्यूआरने (केबल आणि अँटेना किती जुळतात हे दाखवणारा आकडा; एक म्हणजे पूर्ण जुळणी) व्यापू शकत नाही.

आधी ठरवावे : बोलायचे कोठे?

रेडिओ लहरी आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाच्या, एफ थरावरून परत येतात. तो थर ३०० किलोमीटर उंचीवर आहे असे धरले तर पुण्याहून कोल्हापूरला, म्हणजे सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर, पोहोचण्यासाठी लहर क्षितिजापासून जवळजवळ ७० अंशांच्या कोनात वर जावी लागते. सुमारे ६२० किलोमीटरवरच्या नागपूरसाठी हा कोन ४२ अंश होतो आणि ११७० किलोमीटरवरच्या दिल्लीसाठी २४ अंश. युरोप किंवा जपानसाठी त्याहूनही खालचे कोन उपयोगी पडतात. म्हणजे मुंबई, सातारा, नाशिक, सोलापूर येथील मित्रांशी रोज सकाळी गप्पा मारायच्या असतील तर बहुतेक शक्ती डोक्यावरच्या आकाशाकडे जाणे हिताचे आहे, आणि खंडापलीकडचे केंद्र गाठायचे असेल तर तीच शक्ती क्षितिजाजवळ वळवणे आवश्यक आहे. एकच अँटेना ही दोन्ही कामे सारख्याच उत्तम प्रकारे करू शकत नाही.

आडव्या डायपोलचा हा कोन त्याच्या उंचीवर ठरतो. पाव तरंगलांबीच्या उंचीवर, म्हणजे ४० मीटर बँडसाठी साधारण १० मीटरवर, त्याचे प्रारण, म्हणजे बाहेर पडणारी रेडिओ शक्ती, सरळ वर सर्वाधिक असते. तोच डायपोल अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे २१ मीटरवर नेला तर जास्तीत जास्त प्रारण ३० अंशांच्या आसपास उतरते. दिल्लीच्या दिशेने त्यामुळे मिळणारा फायदा आदर्श परिस्थितीत चार ते पाच डेसिबल इतका भरतो. शक्ती अडीच ते तीन पट वाढवल्यावर जेवढा फरक पडावा तेवढा हा फरक आहे. मात्र त्याच वेळी डोक्यावरचे प्रारण मोठ्या प्रमाणात घटते आणि कोल्हापूरचे संकेत क्षीण होतात. उंची वाढवली की सगळेच सुधारते, असा समज अनेकांच्या मनात असतो. जवळच्या अंतरासाठी तो खरा नाही. राज्यातील मंडळींशी, विशेषतः आपत्तीच्या काळात, खात्रीचा संपर्क ठेवणे हा ज्यांचा हेतू आहे, त्यांनी जमिनीपासून आठ-दहा मीटरवरच्या साध्या तारेला कमी लेखू नये.

आता हाच हिशेब ८० मीटरला लावून पाहावा. तेथे अर्धी तरंगलांबी म्हणजे ४२ मीटर, आणि १६० मीटरला ८१ मीटर. पुण्यातील सर्वसाधारण सोसायटीत एवढ्या उंचीवर आडवी तार बांधणे शक्य नाही. त्यामुळे ८० मीटरवरचा आपला डायपोल जवळच्या अंतराचाच राहणार हे गृहीत धरावे, आणि त्या बँडवर दूरचे केंद्र हवे असेल तर उभ्या अँटेनाकडे वळावे, कारण उभ्या अँटेनाचे प्रारण मुळातच क्षितिजाकडे झुकलेले असते.

चाळीस मीटर : गच्चीचा कर्ण

पहिली अँटेना म्हणून मी प्रत्येकाला ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही सुचवतो. मध्ये एक खांब, त्याच्या माथ्यावर केबलची जोडणी, आणि दोन्ही भुजा तिरप्या खाली उतरलेल्या, अशी ही रचना. एकच उंच आधार पुरतो हा तिचा मोठा गुण आहे. दोन भुजांमधील कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये, आणि जमल्यास १२० अंशांच्या पुढे ठेवावा. कोन अरुंद झाला की दोन्ही भुजांतील प्रवाह एकमेकांचा प्रभाव काही अंशी नाहीसा करतात.

गच्चीवर ही आकडेमोड कशी बसते ते पाहू. खांब गच्चीच्या पृष्ठभागापासून ६ मीटर उंच घेतला आणि भुजांची टोके अडीच मीटरवर बांधली, तर १० मीटरची प्रत्येक भुजा साडेतीन मीटर खाली उतरते, कोन १३९ अंशांच्या जवळ येतो, आणि टोकापासून टोकापर्यंत जमिनीवरचे अंतर १९ मीटरच्या थोडे आत राहते. पंधरा मीटर बाय बारा मीटर गच्चीचा कर्ण १९.२ मीटर असतो. म्हणजे मध्यम आकाराच्या गच्चीतही, बाजूला समांतर न बांधता कर्णावर बांधली, तर ही अँटेना बसते. जागा थोडी कमी पडल्यास प्रत्येक भुजेचे शेवटचे मीटर-दीड मीटर टोकाशी काटकोनात वळवावे किंवा खाली सोडावे. प्रवाह मध्यभागी सर्वाधिक आणि टोकांना नगण्य असतो, त्यामुळे टोके वाकवल्याने फारसे नुकसान होत नाही. मधला भाग मात्र शक्य तितका सरळ आणि उंच ठेवावा.

दिशेबद्दल एक खुलासा. पुण्याहून लंडनची दिशा ३१९ अंश, म्हणजे वायव्येची आहे, टोकियोची सुमारे ५९ अंश आणि न्यूयॉर्कची ३३४ अंशांच्या आसपास. तार ईशान्य-नैर्ऋत्य बांधली तर तिच्या काटकोनात युरोप येतो. परंतु कमी उंचीवरच्या तारेला दिशेची निवड फारशी नसते, त्यामुळे दिशेसाठी उंचीचा किंवा सरळपणाचा बळी देऊ नये.

गच्चीवर लक्षात ठेवण्याची आणखी एक बाब म्हणजे स्लॅबमधील लोखंडी सळया. इमारत १३ मीटर उंच आणि खांब ६ मीटर, म्हणून अँटेना १९ मीटरवर आहे असे समजणे अर्धवट बरोबर आहे. दूरच्या प्रारणासाठी ती उंची काही प्रमाणात मिळते, पण जवळच असलेल्या सळया, पाण्याच्या टाकीचे पाइप आणि सोलर हीटरचा सांगाडा तारेशी जोडले जाऊन तिची वारंवारिता हलवतात आणि काही शक्ती खातात. म्हणून तार टाकीच्या आणि हीटरच्या थेट वरून नेऊ नये, आणि गच्चीपासूनची उंची शक्य तेवढी वाढवावी. दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेवरून तार नेता आली तर ती सर्वांत चांगली व्यवस्था होय.

खांबासाठी दोन पर्याय आहेत. जीआय पाइप टिकाऊ असतो, पण जड असतो. बुरुड आळीत मिळणारा चांगला जाडजूड बांबू हलका, स्वस्त आणि विद्युतदृष्ट्या निरुपद्रवी असतो. त्याला तेल किंवा वॉर्निश दिले आणि वरचे तोंड बंद केले तर तो दोन-तीन पावसाळे काढतो. कोणताही खांब नुसता कठड्याला दोरीने बांधून ठेवू नये. क्लॅम्पने दोन ठिकाणी घट्ट आवळावा आणि तीन बाजूंनी ताण द्यावेत. तार, कनेक्टर आणि फेराइट यांसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, दोर आणि हार्डवेअरसाठी बोहरी आळी, आणि जुने इन्सुलेटर किंवा पाइपाचे तुकडे शोधायचे असतील तर बुधवार-रविवारचा जुना बाजार, असा माझा नेहमीचा फेरा असतो. इन्सुलेटर नाही मिळाले तर पीव्हीसी पाइपाचे हातभर तुकडे उत्तम काम देतात.

ऐंशी मीटर : चाळीस मीटर तार कोठे ठेवायची

पूर्ण लांबीचा ८० मीटर डायपोल शहरात क्वचितच बसतो. मला तीन मार्ग व्यवहार्य वाटतात. पहिला, शेजारच्या इमारतीची परवानगी घेऊन दोन गच्च्यांमध्ये तार बांधणे. दुसरा, प्रत्येक भुजेच्या मध्यावर कॉइल घालून डायपोल वीस-बावीस मीटरमध्ये बसवणे. याची किंमत अशी की बँडचा फार अरुंद भाग वापरता येतो आणि कॉइलमध्ये काही शक्ती उष्णतेच्या रूपाने जाते. तिसरा, एका टोकाला जोडणी असलेली अर्ध्या तरंगलांबीची तार, जिला एंड-फेड म्हणतात. तिची जोडणी एकोणपन्नासास एक प्रमाणाच्या ट्रान्सफॉर्मरने करतात, ती इमारतीच्या गच्चीवरून आवारातील झाडाकडे तिरपी सोडता येते, आणि ८० मीटरसाठी कापलेली तीच तार ४० आणि २० मीटरवरही चालते. घाईत उभारायची असेल किंवा मुळशी-वेल्ह्याकडे सहलीला न्यायची असेल तर एंड-फेडइतकी सोयीची अँटेना दुसरी नाही.

तिच्याविषयी दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एंड-फेडलाही परतीची वाट लागते. ती आपण दिली नाही तर अँटेना आणि संच जोडणाऱ्या कोॲक्स केबलचे बाहेरचे धातूचे आवरण आपोआप ती वाट बनते आणि रेडिओ लहरी घरात, मायक्रोफोनवर, शेजाऱ्याच्या दूरदर्शन संचात शिरतात. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीच्या टोकाला दोन ते चार मीटरची एक तार जोडून सोडावी आणि केबलवर काही अंतरावर, आवरणावरचा प्रवाह अडवणारा चोक बसवावा. दुसरी गोष्ट विद्युतदाबाची. ५० ओहमच्या ४९ पट म्हणजे २४५० ओहम, आणि १०० वॉट शक्तीला तेथे जवळजवळ ५०० व्होल्टचा परिणामी (आरएमएस) दाब, म्हणजे ७०० व्होल्टचे शिखर तयार होते. गच्चीवर कपडे वाळत घालणारी माणसे असतात आणि मुले खेळतात. एंड-फेडची दोन्ही टोके, आणि डायपोलचीही, कोणाचाही हात पोहोचणार नाही अशा उंचीवर असलीच पाहिजेत.

उभी अँटेना आणि जमिनीचा हिशेब

या भागावर मी अधिक वेळ घालवणार आहे, कारण लो बँडवरील बहुतेक निराशेचे मूळ येथेच सापडते. उभी अँटेना ही डायपोलची एक भुजा असते. दुसरी भुजा म्हणजे जमीन, किंवा जमिनीच्या जागी आपण अंथरलेल्या तारा, ज्यांना रेडियल म्हणतात. परतीचा प्रवाह या वाटेने येतो आणि ही वाट जितकी खडतर तितकी शक्ती मातीत तापण्यात खर्च होते.

आकडे घेऊन पाहू. १.८४ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी १६३ मीटर आहे. तेथे १० मीटर उंचीचा नुसता उभा खांब वापरला तर त्याचा प्रारण रोध, म्हणजे लहरींच्या रूपाने बाहेर जाणाऱ्या शक्तीशी निगडित रोध, केवळ दीड ओहमच्या आसपास येतो. जमिनीतील नुकसानीचा रोध १५ ओहम असेल तर १०० वॉटपैकी फक्त नऊ वॉट आकाशात जातात, आणि त्या ठेंगण्या खांबाला सुस्वर (हव्या वारंवारितेशी जुळता) करणाऱ्या कॉइलचे नुकसान तर यात धरलेलेच नाही. आता त्याच खांबाच्या माथ्यावरून २९ मीटर तार आडवी पुढे न्यावी. ही झाली इन्व्हर्टेड एल. एकूण लांबी पाव तरंगलांबी झाल्याने उभ्या भागात सर्वत्र प्रवाह जवळजवळ पूर्ण राहतो, प्रारण रोध चौपट होऊन सुमारे सहा ओहम होतो, आणि जमीन तीच असूनही २८ वॉट बाहेर पडतात. पुढे रेडियल वाढवून नुकसानीचा रोध सहा ओहमवर आणला तर ५० वॉट. शक्तिवर्धक विकत न घेता मिळालेली ही वाढ आहे, आणि ती केवळ तारेच्या भावात मिळते.

याच हिशेबात एक फसवणूक दडलेली आहे. समजा इन्व्हर्टेड एलचा प्रारण रोध सहा ओहम आणि जमिनीचा रोध ४४ ओहम आहे. बेरीज बरोबर ५० होते, मीटर एकास एक एसडब्ल्यूआर दाखवतो आणि मालक समाधानाने ट्रान्समीटर सुरू करतो. प्रत्यक्षात त्याची ८८ टक्के शक्ती मातीत मुरते आहे. त्याने मेहनत करून रेडियल अंथरले आणि जमिनीचा रोध १० ओहमवर आणला तर बेरीज १६ ओहम होते, एसडब्ल्यूआर तीनापर्यंत चढतो, आणि त्याला वाटते की आपण काहीतरी बिघडवले. वास्तविक प्रारित शक्ती तिपटीने वाढलेली असते. उरते ते एवढेच की १६ ओहमचे ५० ओहमशी जुळणे, आणि ते जोडणीच्या जागी ट्रान्सफॉर्मर किंवा समांतर जोडलेली कॉइल लावून साधता येते. रेडियल वाढवताना एसडब्ल्यूआर वाढणे ही चांगली खूण आहे, हे नव्या माणसाला कोणीतरी सांगायला हवे म्हणून मी ते येथे ठळकपणे सांगत आहे.

पुण्याची जमीन या दृष्टीने संमिश्र आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली काळा पाषाण. ओली काळी माती बऱ्यापैकी वाहक असते, पण अनेक टेकड्यांवर आणि उतारांवर ती वीतभरही नसते, आणि कोरडा बसाल्ट खडक वाहक म्हणून अगदी निकस. तेव्हा एखादी अर्थिंगची सळई ठोकून रेडियलची उणीव भरून निघेल ही अपेक्षा सोडून द्यावी. सळई विजेपासून संरक्षणासाठी हवीच, रेडिओच्या परतीच्या प्रवाहासाठी तिचा उपयोग नगण्य आहे.

बंगल्याच्या किंवा शेतघराच्या आवारात रेडियल जमिनीवरच अंथरावेत आणि लहान खिळ्यांनी दाबून टाकावेत. एका पावसाळ्यात गवत त्यांना झाकून टाकते. एकूण तार मर्यादित असेल तर थोडे लांब रेडियल घालण्यापेक्षा जास्त संख्येने आखूड घालणे फायद्याचे असते. उदाहरणार्थ, ८० मीटर बँडसाठी १६० मीटर तार हाताशी असेल तर ४० मीटरचे चार घालण्याऐवजी १० मीटरचे सोळा घालावेत. जमिनीला टेकलेले रेडियल विशिष्ट लांबीला कापण्याची गरज नसते. गच्चीवर मात्र परिस्थिती वेगळी आहे. तेथे दोन ते चार उचललेले रेडियल वापरावेत, ते पाव तरंगलांबीला कापावेत, जोडणीच्या बिंदूपासून परस्परविरुद्ध दिशांना न्यावेत, आणि जागा संपली की कठड्याच्या आतल्या बाजूने, इन्सुलेटरवर, वळवावेत. गच्चीवर ८० मीटरसाठी सहा-सात मीटर उभा आणि उरलेला आडवा भाग असलेली इन्व्हर्टेड एल अशा दोन रेडियलांवर चालते; तिचे प्रारण पूर्ण उंचीच्या अँटेनाइतके होत नाही, तरी दूरच्या केंद्रांसाठी ती त्याच गच्चीवरच्या आडव्या तारेपेक्षा सरस ठरलेली मी अनुभवली आहे. या रेडियलांच्या टोकांनाही उच्च दाब असतो, त्यांनाही हात लागू देऊ नये.

झाडाचा आधार घेणार असाल तर झाड पारखून घ्यावे. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात आणि वळवाच्या पहिल्या वादळात मोडतात. चिंच किंवा आंबा विश्वासाचे. तार फांदीला कधीही ताठ बांधू नये; फांदीवर कप्पी लावून दोराच्या दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेला डबा किंवा वाळूची पिशवी टांगावी, म्हणजे झाड डोलले तरी तार तुटत नाही.

ऐकणे हे वेगळे काम आहे

लो बँडवर आपला आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचतो, परंतु त्याचा आपल्याला ऐकू येत नाही, ही तक्रार शहरात नेहमीची आहे. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टच्या मोटारीचे नियंत्रक, छतावरच्या सौर पॅनेलचे इन्व्हर्टर, हे सर्व मिळून नेमक्या याच पट्ट्यांवर गोंगाट करतात. खोडदच्या महाकाय मीटरवेव्ह दुर्बिणीसाठी पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेची जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हा एक विचार होता, यावरून शहराच्या गोंगाटाचे गांभीर्य ध्यानात यावे.

पहिली पायरी स्वतःच्या घरापासून. रिसीव्हर बॅटरीवर चालवावा, घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि गोंगाटाची पातळी पाहावी. ती उतरली तर एकेक सर्किट सुरू करत दोषी उपकरण शोधावे. माझ्या घरात एका स्वस्त एलईडी पट्टीमुळे ४० मीटरवरचा गोंगाट रिसीव्हरच्या मीटरवर तीन एस-युनिट, म्हणजे जवळजवळ १८ डेसिबल चढलेला होता. ती पट्टी बदलल्यावर जे केंद्र मी कधीच ऐकले नव्हते असे समजत होतो, ते रोज तेथेच होते हे कळले. घराबाहेरचा स्रोत शोधण्यासाठी मध्यम लहरींचा छोटा ट्रान्झिस्टर हातात घेऊन जिन्यातून आणि आवारातून फिरावे. त्यातील फेराइट अँटेना दिशा दाखवते.

जो गोंगाट काढता येत नाही त्याच्यासाठी ऐकण्याची अँटेना वेगळी ठेवावी. एक मीटर व्यासाचे छोटे लूप, प्रवर्धकासह, गच्चीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवून ते फिरवले तर एका दिशेचा गोंगाट बराच दाबता येतो. ते कमकुवत संकेत देते, परंतु गोंगाट त्याहूनही कमी करते, आणि ऐकताना महत्त्व या गुणोत्तराला असते. ज्यांच्याजवळ शेत आहे त्यांनी बेव्हरेज अँटेना अवश्य करून पाहावी : एक तरंगलांबी किंवा अधिक लांबीची तार, माणसाच्या डोक्याहून थोडी उंच, ज्या दिशेचे ऐकायचे त्या टोकाला सुमारे ४५० ओहमचा रोध जमिनीशी जोडलेला आणि दुसऱ्या टोकाला नवास एक ट्रान्सफॉर्मर. ही अँटेना निकस वाहकतेच्या जमिनीवर अधिक चांगली चालते. उभ्या अँटेनाला नडणारा आपला बसाल्ट येथे मदतीला येतो.

हंगामाचेही भान ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या विजांचा कडकडाट ८० आणि १६० मीटर जवळजवळ व्यापून टाकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. दिवसा आयनांबराचा डी थर खालच्या वारंवारिता शोषून घेतो, म्हणून दूरचे काम अंधारातच होते, आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपासची थोडी मिनिटे विशेष मोलाची असतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी सातच्या सुमारास उजाडते तेव्हा युरोपात मध्यरात्र उलटलेली असते आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अंधार असतो. सायंकाळी सहाला सूर्य मावळतो तेव्हा जपानमध्ये रात्र झालेली असते.

केबल, चोक आणि मोजणी

लो बँडवर केबलमधील नुकसान कमी असते. तीस मीटर आरजी-५८ मध्ये ४० मीटर बँडवर साधारण सव्वा डेसिबल जाते, आरजी-२१३ मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे जाड केबलवर खर्च करण्याआधी चोकवर करावा. डायपोलच्या मध्यावर, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट कड्यावर कोॲक्सचे दहा-बारा वेढे घेतलेला चोक असावा. तो केबलच्या बाहेरच्या आवरणावरून वाहणारा प्रवाह अडवतो. त्याचा फायदा प्रसारणापेक्षा ऐकण्यात जास्त जाणवतो, कारण घरातील गोंगाट याच आवरणावरून अँटेनापर्यंत चढत असतो. पीव्हीसी पाइपावर केबल गुंडाळून केलेला हवेचा चोक १६० आणि ८० मीटरवर पुरेसा पडत नाही.

मोजणीसाठी नॅनोव्हीएनए हे अँटेनाचा रोध आणि एसडब्ल्यूआर दाखवणारे छोटे उपकरण पुरेसे आहे. अँटेना शेवटच्या उंचीवर चढवूनच मोजावी. खाली मोजलेले आकडे वर गेल्यावर बदलतात. सुस्वर वारंवारिता हवी त्यापेक्षा खाली आली तर तार लांब आहे. नवी लांबी काढण्यासाठी सध्याच्या लांबीला मोजलेल्या वारंवारितेने गुणावे आणि हव्या असलेल्या वारंवारितेने भागावे. समजा २०.४० मीटरचा डायपोल ६.९५ मेगाहर्ट्झवर सुस्वर होतो आणि आपल्याला ७.१ हवे आहे. उत्तर १९.९७ मीटर येते, म्हणजे एकूण ४३ सेंटिमीटर, प्रत्येक भुजेतून साडेएकवीस. एकदम कापू नये. प्रथम तेवढी तार मागे दुमडून तिच्यावरच गुंडाळावी, पुन्हा मोजावे, आणि समाधान झाल्यावर कापावे. एसडब्ल्यूआर दीडच्या आत आला की थांबावे. त्याला एकावर आणण्यासाठी घालवलेला दिवस खांब मीटरभर उंच करण्यात घालवला असता तर अधिक उपयोग झाला असता.

वीज, पाऊस, मांजा आणि परवानगी

विजेच्या तारा दिसत असतील त्या बाजूला अँटेना बांधूच नये. खांब किंवा तार कोणत्याही दिशेने पडली तरी तिचा वीजवाहिनीला स्पर्श होणार नाही एवढे अंतर ठेवावे, आणि तार कधीही वीजवाहिनीच्या वरून किंवा खालून नेऊ नये. या नियमाला अपवाद नाही. खांब उभारताना किमान तिघे असावेत आणि कठड्यावर कोणीही चढू नये.

आकाशातील विजेसाठी केबल घरात शिरण्याआधी सर्ज अरेस्टर (अचानक आलेला जास्त दाब जमिनीकडे वळवणारे साधन) बसवावा, तो जाड तांब्याच्या पट्टीने अर्थिंगशी जोडावा, आणि ते अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगशी एकत्र बांधावे; वेगवेगळी अर्थिंग सुटी ठेवली तर वीज पडल्यावर त्यांच्यातील दाबाचा फरक उपकरणातून मार्ग काढतो. वळवाच्या दिवसांत वापर संपताच केबल काढून खिडकीबाहेर ठेवण्याची सवय लावून घ्यावी. ढगांचा गडगडाट ऐकू आल्यानंतर केबलला हात लावू नये, तोवर उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात पहिली खराब होते ती केबलची जोडणी. कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, तिच्यावर साधी टेप लावावी, आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकलेला वळसा द्यावा म्हणजे पाणी तेथून गळून जाईल. तारेच्या जोडावर नुसता पीळ न देता सोल्डर करावे. संक्रांतीच्या दिवसांत तारेत मांजा अडकतो. तो खाली ओढू नये, तार उतरवून काढावा, कारण त्यात अडकलेल्या पक्ष्याचीही सुटका त्याच वेळी करता येते.

गच्ची ही सोसायटीची सामाईक मालमत्ता आहे. समितीकडे लेखी अर्ज करताना परवान्याची प्रत, खांबाच्या जागेचे साधे रेखाचित्र, त्याचे वजन, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला छिद्र पाडणार नाही याची हमी जोडावी. खांब कठड्याला क्लॅम्पने बांधला किंवा काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यात उभा केला तर ही हमी प्रामाणिकपणे देता येते. शेजाऱ्याच्या उपकरणात व्यत्यय आला तर तत्काळ प्रसारण थांबवून कारण शोधण्याची तयारी अर्जातच लिहून द्यावी. लोहगावसारख्या विमानतळाच्या परिसरात उंचीवर निर्बंध असतात, तेथे मोठा खांब उभारण्यापूर्वी त्यांची चौकशी करावी.

उभारणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक बँडवरील सुस्वर वारंवारिता, तेथील रोध आणि एसडब्ल्यूआर, तसेच त्या दिवशी जमीन कोरडी होती की ओली, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. मे महिन्याच्या शेवटी आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात हीच मोजणी पुन्हा करावी. आकडे थोडे हलले तर ते मातीच्या ओलाव्यामुळे असते. वारंवारिता तीच राहून एसडब्ल्यूआरचा आलेख एकदम पसरट आणि खाली झाला असेल तर आनंद मानू नये, केबलमध्ये पाणी शिरले आहे असे समजून ती बदलावी.